पट्ट्याची गाठ

"आणि हे शेवटचं," असं म्हणून संचालकबाईंनी एक लांबलचक कागद माझ्यासमोर पसरला. युद्धातल्या छायाचित्रांचं नवीन संग्रहालय उघडणार होतं आणि त्यातलं पहिलंच दालन माझ्या बाबांच्या नावाचं होतं. भिंतीवर लागणारा मजकूर घरच्यांनी एकदा नजरेखालून घालावा म्हणून मला बोलावलं होतं. मी आपली चष्मा पुसून वाचायला लागले. बाबांचा पहिला कॅमेरा, बाबा कुठल्या कुठल्या लढायांत पुढच्या फळीत होते, शेवटच्या लढाईत कॅमेरा डोळ्याला लावलेला असतानाच कसे गेले. सगळं ठीक होतं. शेवटच्या परिच्छेदाला आले आणि माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"साऱ्या जगाची दुःखं टिपणाऱ्या या माणसाकडे स्वतःच्या धाकट्या मुलीचा मात्र एकही फोटो उरला नाही. मुलीच्या मृत्यूनंतर, तिचा एकमेव फोटो ज्या रोलवर होता, तो रोल त्यांच्या पत्नीच्या हातून उजेडात उघडला गेला. ती पोकळी त्यांच्या पुढच्या प्रत्येक छायाचित्रात जाणवते."

"फार आत जाऊन लागतं ना हे?" संचालकबाई म्हणाल्या. बाई तशी वाईट नव्हती. पण गार खोलीत बसून दुसऱ्याच्या घरातलं दुःख वाचलं की माणसाला ते छानच वाटतं.

"अहो बाई, ही पत्नी म्हणजे माझी आई," मी म्हटलं. "जिवंत आहे ती. उद्घाटनाला पहिल्या रांगेत तिची खुर्ची ठेवलीय ना तुम्ही? तिला तिथे बसवून समोरच्या भिंतीवर हे लावणार?"

"यात दोष कुठे दिलाय, ताई? 'हातून उघडला गेला' असं मुद्दाम मऊ लिहिलंय. आणि हे आमच्या मनचं नाही. तुमच्या वडिलांनीच मुलाखतीत सांगितलंय."

तेही खरंच. बाबा जायच्या आधी एका मोठ्या मासिकाने त्यांची मुलाखत घेतली होती आणि तेव्हापासून आमच्या घरातली ही गोष्ट जगाची झाली. अनोळखी माणसं माझ्या दुकानात पासपोर्टचा फोटो काढायला येतात, भिंतीवर बाबांना बघतात आणि विचारतात, "म्हणजे त्या रोलवाल्या बाई तुमच्या आई?" मी त्यांना सांगते, हनुवटी खाली घ्या, कान दिसू द्या आणि तोंड मिटा. पासपोर्टला तोंड मिटलेलंच लागतं.

"ते वाक्य काढा," मी म्हणाले.

"ताई, अख्खं दालन त्या वाक्यावर उभं आहे. मधोमध काचेच्या पेटीत तो रोलवाला कॅमेरा आणि मागे हा मजकूर. कॅमेरा तुम्ही उद्या आणताय ना?"

"आईला विचारते," म्हणून मी उठले. आणखी बसले असते तर माझं तोंड मलाच आवरलं नसतं.

आम्ही दुकानाच्या वरच राहतो, आई आणि मी. खाली दुकान, वर घर, मधे एक अरुंद जिना. त्या जिन्याने उतरून आई इतक्या वर्षांत दुकानाच्या आतल्या, फोटो काढायच्या खोलीत एकदाही आली नाही. कॅमेऱ्याला ती हात लावत नाही. एकदा मी कॅमेरा जेवणाच्या टेबलावर विसरून खाली गेले, तर बाई ताट घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर जेवायला बसली, पण तो उचलून बाजूला ठेवला नाही.

झालं होतं ते असं. बाबा सुट्टीवर घरी आले की परत निघायच्या दिवशी आम्हा दोघी बहिणींना दारातल्या पायरीवर उभं करायचे आणि फोटो काढायचे. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला एक जाड गाठ होती. धाकटीला ती फार आवडायची. बाबांच्या मांडीवर बसली की ती गाठ मुठीत धरून ठेवायची. "ही कशाला हो बाबा?" विचारलं की बाबा म्हणायचे, "नशिबाची गाठ आहे, घट्ट धर." त्या शेवटच्या खेपेला धाकटीचा पहिला दात नुकता पडला होता. बाई तोंड मिटायला तयारच नाही, सगळ्या जगाला खिंडार दाखवायचं होतं तिला. बाबांनी तिला एकटीला पायरीवर उभं केलं आणि खटक. मी "मी पण, मी पण" केलं, तर म्हणाले, "रोल जपून वापरावा लागतो, बाळ. पुढच्या वेळी."

फोटो कधी बघायला मिळणार, असं आई विचारायची. बाबांची उत्तरं ठरलेली. रोल अजून संपला नाही. रोल ऑफिसात धुवायला गेलाय, मागवतो. मागवलेले फोटो कधी आलेच नाहीत. आणि दुसऱ्या कोणी आमचा फोटो काढलेला त्यांना खपायचा नाही. शाळेत वर्गाचा फोटो होता त्या दिवशी त्यांनी धाकटीला घरीच बसवलं. "माझ्या पोरीला कोणी भाडोत्री माणूस टिपणार? मी काय मेलोय?" एवढ्या मोठ्या फोटोग्राफरची बायको, तिने तोंड उघडायचं तरी कसं!

बाबा परत लढाईवर गेले आणि धाकटीला ताप भरला. ताप डोक्यात गेला. बाबांपर्यंत निरोप पोचला तोवर आम्ही तिला मातीत ठेवूनही आलो होतो.

ते आले तेव्हा दाढी वाढलेली, बुटांवर चिखल. बॅग कोपऱ्यात टाकली, कॅमेरे टेबलावर ठेवले आणि आत जाऊन आडवे झाले. दुपारची वेळ होती. आई टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली, मग तिने गाठवाला कॅमेरा उचलला. ह्याच्यात माझी पोर आहे, रोल काढायचा, चौकातल्या स्टुडिओत नेऊन धुवून घ्यायचा, एवढंच तिच्या मनात. रोल कसा काढतात हे तिला कोणी शिकवलं होतं? तिने खटका दाबला, मागचं झाकण बोटभर उघडलं, आणि दारातून बाबा ओरडले, "उघडू नकोस!" आईने दचकून झाकण दाबलं. बाबांनी कॅमेरा हिसकावून घेतला, बाथरूममध्ये गेले, दिवा घालवला, दार लावून घेतलं आणि दाराखालच्या फटीत आतून टॉवेल कोंबला. अंधार करायचा म्हणून. मी दाराबाहेर उभी होते, आई भिंतीला टेकून. आत बराच वेळ शांतता. मग नळाचा आवाज. बाहेर आले ते ओले हात पँटला पुसत.

"उजेड लागला," म्हणाले. "सगळं गेलं. काय करून ठेवलंस हे!"

पुन्हा घरात त्यांनी तो विषय काढला नाही. काढायची गरजच काय, आत्या होती ना! बाबांची बहीण. "पोर तापाने नेली आणि फोटो आईने घालवला," हे ती येईल त्याला ऐकवायची, आणि आई तिच्याचसाठी चहा ओतत असायची.

मी ह्या धंद्यात पडले तेव्हा मला एक गोष्ट खटकायला लागली होती. झाकण असं क्षणभर उघडून मिटलं तर अख्खा रोल जात नाही. वरच्या वेढ्यावरचे फोटो जातात, खालच्या वेढ्यांतले पुष्कळदा वाचतात. आणि काय गेलं, काय राहिलं हे रोल धुतल्याशिवाय अंधारात चाचपून कोणाच्या बापाला कळत नाही. हे मी एकदा ट्रायपॉडकाकांना विचारलं होतं. ट्रायपॉडकाका म्हणजे बाबांचे जोडीदार. सगळ्या लढाया दोघं एकत्र फिरले. एका स्फोटात काकांचा एक पाय गेला, दोन काठ्या आल्या, आणि तेव्हापासून स्वतःच स्वतःला ट्रायपॉड म्हणवून घेतात. बाबा गेले त्या तारखेला दर वर्षी आमच्याकडे जेवायला येतात. आई त्यांच्यासाठी मुद्दाम त्यांच्या आवडीचं करते. मी विचारलं तेव्हा काका ताटातच बघत राहिले होते. "जुनं ते जुनं, पोरी," म्हणाले. "मीठ दे जरा." मी मीठ दिलं.

आता आईचे डोळेही जायला लागलेत. मधोमध काळा डाग येतो, म्हणते. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहरा मात्र दिसत नाही. धाकटीवरून आमचं दोघींचं भांडण अजून चालूच असतं. आई म्हणते, पडलेला दात खालचा होता. मी म्हणते वरचा.

"अगं, मी भरवत होते तिला, मला माहीत नाही?"

"आणि मी काय डोळे मिटून खेळत होते तिच्याशी?"

"तुझं आपलं काहीतरीच. खालचा होता, समोरचा."

"वरचा, आई! जीभ बाहेर काढायची त्यातून."

भांडण दर वेळी एकाच जागी येऊन थांबतं. आई म्हणते, "मी तो रोल उघडला नसता तर दाखवलाच असता तुला." त्यावर काय बोलणार कपाळ?

त्या संध्याकाळी मी तिला तो भिंतीवरचा मजकूर वाचून दाखवला. तिने पूर्ण ऐकून घेतला.

"लिहू दे," ती म्हणाली. "खोटं थोडंच आहे?"

"अगं, पण भिंतीवर! येणारा जाणारा वाचणार."

"अक्षरं केवढी असतील?"

"मोठी. हाताएवढी."

"बरं झालं. म्हणजे मलाही वाचता येतील." ती हसली. मला हसू आलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "कॅमेरा देऊन टाक बाई तो. कपाटात आहे तोवर मला रोज तीच दुपार होते."

तेव्हाच मी ठरवलं. कॅमेरा हवाय ना तुम्हाला? मग आधी वाक्य उतरवा. माझ्या आईने जन्मभर हे घरात ऐकलंय, आता म्हातारपणी भिंतीवर टांगून घ्यायचं काही कारण नाही. वाक्य राहिलं तर पेटी रिकामी राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या चादरीत गुंडाळलेला कॅमेरा घेऊन मी संग्रहालयात गेले. संचालकबाईंच्या खोलीत ट्रायपॉडकाका आधीच येऊन बसले होते. कुठली वस्तू कुठल्या लढाईतली हे ओळखून द्यायला त्यांना बोलावलं होतं. टेबलावर जुनी हेल्मेटं, फुटक्या दुर्बिणी, रोलचे रिकामे डबे मांडलेले, आणि काका खुशीत. जुन्या गोष्टी सांगायला मिळाल्या की त्यांना पाय परत फुटतो. मी काय बोलायचं ते मनात घोकत चादर सोडली, कॅमेरा टेबलावर ठेवला. मी तोंड उघडणार तोच काका खो खो हसायला लागले.

"अरे! हा कोरडा इथे कुठून आला?"

"कोरडा म्हणजे?" संचालकबाईंनी विचारलं.

"आता सांगायला हरकत नाही," काका खुर्चीत सरसावून बसले. "रोल आम्हाला मोजून मिळायचे हो. आणि तिकडे जो तो म्हणणार, माझा एक काढा. निघालेला शिपाई म्हणणार, खंदकातला आचारी म्हणणार, साहेब तर मिशा विंचरून तयारच! नाही म्हणायची सोय नाही, उद्या त्याच्याच गाडीतून जायचं असतं. मग आम्ही काय करायचो, एक कॅमेरा रिकामा ठेवायचो. तो डोळ्याला लावायचा, हसा म्हणायचं, खटक. माणूस खूश आणि रोल शाबूत! त्याला आम्ही कोरडा म्हणायचो. पण भीती एकच. ऐन गोळीबारात चुकून कोरडाच हातात आला तर? म्हणून कोरड्याच्या पट्ट्याला ही गाठ. अंधारातसुद्धा हाताला गाठ लागली की समजायचं, हा नाही, दुसरा घे."

"काय सांगता!" संचालकबाई हसत म्हणाल्या. "हे तर भिंतीवर लिहायला हवं."

माझा हात त्या गाठीवर होता. ती मळून काळी झालेली, एका बाजूला धाकटीच्या मुठीने गुळगुळीत झालेली. नशिबाची गाठ आहे, घट्ट धर.

"काका," मी म्हणाले, "आमच्या पायरीवर बाबा नेहमी ह्याच कॅमेऱ्याने फोटो काढायचे."

काकांचं हसू तोंडावरच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा कॅमेऱ्याकडे. "तसं काही नाही," म्हणाले. "घरी आल्यावर भरलाही असेल रोल त्यात. घरी कोण गाठ बघतं?"

त्या दुपारनंतर ते झाकण मीही कधी उघडलं नव्हतं. मी खटका दाबला. झाकण उघडलं. कॅमेऱ्यात उजव्या हाताला रोलचं टोक अडकवायची एक फिरकी असते. रोजच्या रोज माझी बोटं ती फिरकी चाचपतात. इथे ती नव्हती. नुसता खळगा, आणि तळाशी धूळ.

"फिरकी कुठे आहे?"

काका एक फुटकी दुर्बीण सरळ करत बसले.

"काका, फिरकी कुठे गेली? फिरकीशिवाय रोल बसत नाही हे मला शिकवू नका, मी ह्याच धंद्यात आहे."

"माझ्या कॅमेऱ्यात," काका म्हणाले. आवाज इतका खाली गेला की संचालकबाई पुढे वाकल्या. "पुलावरच्या लढाईत माझी तुटली. कोरड्याला काय करायचीय फिरकी, म्हणून त्याने ह्यातली काढून मला दिली. पुन्हा बसवलीच नाही."

"कधीची गोष्ट?"

"तुझी धाकटी तेव्हा रांगत होती."

रांगत होती. म्हणजे पायरीवरचा एकूण एक फोटो खोटा. हसा म्हणायचं, खटक. साहेबाच्या मिशा, खंदकातला आचारी आणि आम्ही. चौकातल्या दुकानात रोल मिळत होते हो! पोरीचा एक फोटो काढायचा तर एक रोल विकत आणायला काय झालं होतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि मग बाथरूमचं ते दार माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"टॉवेल कोंबला होता त्यांनी फटीत," मी म्हणाले. "दिवा घालवला होता. आत अंधारात काय करत होते ते, काका? रिकाम्या डब्याबरोबर?"

"रडत असेल, पोरी."

"रडू देत. रडायला कोणी नको म्हटलं होतं? बाहेर येऊन काय म्हणाले ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

काकांनी काठ्या जवळ ओढल्या, पण उठले नाहीत. "तुला समजायचं नाही," म्हणाले. "सकाळी ज्याचा फोटो काढावा तो संध्याकाळी नसायचा. किती वेळा झालं ते! त्याच्या मनाने घेतलं होतं की आपण टिपलं की माणूस जातो. घरच्यांवर खरा कॅमेरा धरायला त्याचा हात होत नव्हता. आणि तुम्हाला फोटो हवे असायचे. मग तो आपला कोरड्याने तुमचा हट्ट पुरवायचा. मायेपोटी केलं त्याने."

क्षणभर माझं मन विरघळलं, खोटं कशाला सांगू. पण क्षणभरच.

"मग वाचली का ती?" मी म्हणाले. "कोरड्यासमोर उभी राहून माझी बहीण वाचली का, काका? आणि ते सोडा. त्यांना भीती वाटली, ठीक. त्यांचा हात झाला नाही, ठीक. मग तेव्हाच सांगायचं, बाई, ह्यात काही नाही. ते आईवर का ढकललं?"

"तोंडातून निघून गेलं असेल. आणि एकदा निघालं की..."

"मुलाखतीतही निघून गेलं?"

काकांनी डोळे पुसले. म्हातारा माणूस, एरवी मी पाणी आणून दिलं असतं. मी जागची हलले नाही, कारण आत्ताच माझ्या ध्यानात आलं होतं की गाठ ओळखायला ह्यांना एक नजर पुरली.

"तुम्ही ती मुलाखत वाचली होती," मी म्हणाले. "कोरड्यात फिरकी नाही हे तुम्हाला माहीत होतं. तुमच्याच कॅमेऱ्यात होती ती. दर वर्षी आमच्या टेबलावर बसून तुम्ही आईच्या हातचं जेवलात. मी विचारलं तर मला मीठ मागितलंत."

"तो गेल्यावर काय बोलायचं होतं मी?" काका म्हणाले. "मेलेल्या माणसाचं नाव..."

"जिवंत बाईचं काय?"

संचालकबाईंनी घसा साफ केला. उद्घाटन तोंडावर आलेलं, पाहुणे ठरलेले, बाईच्या चेहऱ्यावर सगळा हिशेब दिसत होता. "ताई, मी समजू शकते," म्हणाल्या. "तुम्ही म्हणाल तसं करू. ते वाक्य आपण काढूनच टाकू. रोलचा उल्लेखच नको. विषय संपला."

जे मागायला आले होते ते मला न भांडता मिळालं होतं. आणि ते हातात घेऊन मला कळलं की ह्याने काही होत नाही. वाक्य गुपचूप उतरलं की बाबा मोठेच राहणार, काका दर वर्षी जेवायला येणार, आणि आईच्या डोक्यातलं वाक्य होतं तिथेच राहणार.

"संपला कसा?" मी म्हणाले. कॅमेरा चादरीत न गुंडाळता तसाच गळ्यात अडकवला आणि निघाले. मागून काका हाक मारत होते, "पोरी, वहिनींना सांगू नकोस. ह्या वयात कशाला!" मी मागे वळून बघितलं नाही.

आई खिडकीशी बसली होती. दुपार व्हायला आली होती. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि कॅमेरा तिच्या मांडीवर ठेवला. तिने हात वर उचलून घेतले, चटका बसल्यासारखे.

"हे काय! दिला नाहीस?"

"आई, उघड तो."

"तुझं डोकं फिरलंय का?"

"उघड. हा इथे खटका आहे. दाब."

ती मान हलवत राहिली. मी तिचं बोट धरून खटक्यावर ठेवलं. झाकण उघडलं तसे तिने डोळे गच्च मिटून घेतले. मी तिची बोटं धरून आत फिरवली. इथे रोल बसतो. इथून सरकतो. आणि इथे फिरकी असते, जिला तो अडकतो. ती नाही. कधीचीच नाही, धाकटी रांगत होती तेव्हापासून. मग मी तिला सगळं सांगितलं, गाठीचं, कोरड्याचं, साहेबाच्या मिशांचं, काकांचं. सांगताना मीच रडत होते. आईची बोटं त्या खळग्यातच फिरत होती.

"म्हणजे मी उघडला तेव्हा आत काही नव्हतं," ती म्हणाली.

"काहीच नव्हतं, आई. तू काही केलं नाहीस. तुझ्या हातून काहीही गेलं नाही."

मला वाटलं होतं ती सुटेल. एवढ्या वर्षांचं ओझं उतरलं म्हणून रडेल तरी.

"त्याला माहीत होतं," ती म्हणाली. बाबांचा एकेरी उल्लेख तिच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "माझ्या हातातून हिसकावला तेव्हा त्याला माहीत होतं. मी त्या बाथरूमच्या दारापाशी हात जोडून उभी होते ग. म्हणत होते, एक तरी वाचू दे. आणि तो आत..."

"हो."

"मेल्या," ती म्हणाली. कोणाला ते सांगायला नको. खाली दुकानाची बेल वाजली, कोणीतरी फोटोला आलं असेल, वाजून वाजून गेलं.

"तुला सांगू का," आई म्हणाली, "मी उघडला, मी घालवला, असं म्हणत होते ना मी, तेव्हा निदान तो होता. कसा आला असेल ते मी रोज बघत होते. पायरी, तो पिवळा झगा, हसणं. माझ्यामुळे गेला, पण होता. थोडे दिवस का होईना, ह्या डबीत माझी पोर होती. आता तेही नाही. तिचा फोटो कोणी कधी काढलाच नाही."

मी तिच्यासाठी न्याय घेऊन आले होते आणि तिच्याजवळ होतं नव्हतं तेही हिरावून बसले होते.

"भिंतीवरचं ते वाक्य काढतायत," मी कसंबसं म्हणाले.

"काढायचं नाही. दुसरं लावायला सांग. ह्या कॅमेऱ्यात रोल नव्हता, असं लिहा. तेवढंच. आणि पेटीत ठेवताना झाकण उघडं ठेवायचं."

"त्या बाई तयार होणार नाहीत."

"मग कॅमेरा मिळणार नाही म्हणावं." तिने पट्टा हातात घेतला, गाठ चाचपली आणि नखांनी ती सोडवायला लागली. इतक्या वर्षांची घट्ट बसलेली गाठ, ती कसली सुटते. ती तरी प्रयत्न करत राहिली. मान खालीच ठेवून तिने विचारलं, "वरचा होता का ग दात? तू म्हणतेस तसा?"

आमचं भांडण आईने असं कधी सोडून दिलं नव्हतं. नेहमीच्या जागी येऊन थांबायला आता ती जागाच राहिली नव्हती. मला तो दात स्वच्छ दिसत होता, वरचा, समोरचा, खिंडारातून बाहेर येणारी लालचुटुक जीभ.

"नाही, आई," मी म्हणाले. "खालचाच होता. तुझंच बरोबर आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. तिला माझे कान दिसत असतील, खांदे दिसत असतील. "मग असा काय आवाज झालाय तुझा?" ती म्हणाली, आणि पुन्हा गाठ सोडवायला लागली.